डिग्री अर्धवट सोडून पोकर खेळावं का?

सोलापुरात रूमवर तीन पत्ती आणि रमी पूर्वीपासून आहेच. पोकर आलं ते मोबाइलमुळे. ज्यांना ते खरंच जमतं अशा काही पोरांच्या डोक्यात एकच विचार घोळत असतो: वालचंद, संगमेश्वर, दयानंद, ज्या कॉलेजात असू तिथलं उरलेलं वर्ष-दीड वर्ष काढायचं, की आत्ताच सगळा वेळ खेळाला द्यायचा? घरच्यांच्या लेखी हे पत्ते कुटणं. माझ्या लेखी नाही. पोकरला गणित लागतं, समोरचा माणूस वाचता यावा लागतो आणि हरताना डोकं थंड ठेवावं लागतं. म्हणूनच हा निर्णय हिशेबाने घ्यायला हवा.

आधी कायदा, कारण अर्धी तुलना तिथेच ठरते. पूर्वी खोलीत बसून भारतीय साइटवर पैसे लावून खेळता यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण मोठ्या भारतीय साइटींनी पैशांची टेबलं बंद केली. उरले परदेशी ॲप आणि टेलिग्रामवरचे एजंट. तिथे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

समोरासमोर खेळायचं तर गोवा, मांडवीवरचे कॅसिनो, आणि वय २१ पूर्ण. सोलापुरातच कुणी खोली घेऊन टेबल चालवत असेल आणि प्रत्येक डावातून नाल, म्हणजे स्वतःचा वाटा, काढत असेल, तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या नजरेत तो अड्डाच ठरू शकतो. पोकर कौशल्याचा खेळ आहे हा युक्तिवादही पक्का नाही. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं. धाड पडली की बसलेल्या सगळ्यांची नावं लागतात. पुढे सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ते नाव आडवं येतं.

पण सगळ्यात मोठी अडचण मला वेगळीच वाटते. तू चांगला खेळतोस की तुझं नशीब सध्या जोरावर आहे, हे कळायला आता सोपा मार्गच उरलेला नाही. हातात दोन एक्के आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी शंभरात अठरा वेळा तू हरतोस. त्यामुळे चांगला खेळाडू महिनाभर हरू शकतो आणि कच्चा खेळाडू महिनाभर जिंकू शकतो. खरं चित्र दिसायला निदान ५०,००० डाव तरी हवेत, असं मुरलेले खेळाडू धरून चालतात. ऑनलाइन चार टेबलं उघडली की तासाला अडीचशे डाव सहज व्हायचे. कॅसिनोत पत्ते वाटणारा माणूस तासाला तीसेक डाव काढतो. म्हणजे ५०,००० डावांना १,६०० हून जास्त तास. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, जवळपास सात महिने, तेही गोव्यात खोलीचं भाडं भरून. कॉलेजच्या परीक्षेला हवी तेवढी नावं ठेव, पण दर सहा महिन्यांनी आपण कुठे आहोत हे ती सांगते.

पैशाचं थोडक्यात. टेबलवर बसायला ५,००० लागत असतील, तर तीसपट, म्हणजे दीड लाख, जेवणखाण आणि भाड्यापासून वेगळे हवेत. पत्त्यांच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो. हरलेली रक्कम वजा होत नाही. एका महिन्यात १ लाख जिंकलास आणि पुढच्या महिन्यात ९० हजार घालवलेस, तर हातात दहा हजार आणि कर ३१,२००.

डिग्रीचं गुणगान मी करणार नाही. ती घेऊनही बहुतेकांना हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठावं लागतं आणि पहिला पगार खोलीत आणि मेसमध्ये संपतो. तरी एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षेचं दार कोणत्याही शाखेच्या पदवीने उघडतं, आणि त्यासाठी आता मोजायचं आहे ते फक्त उरलेलं वर्ष.

पोकरमध्ये भाव कसा काढतात ते तुला माहीत आहे. बदामची चार पानं जमलीत, पाचवं आलं तर डाव तुझा, आणि शेवटचं पान उघडायचंय. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १,०००, समोरच्याने ५०० लावले. ५०० घालून २,००० साठी लढायचं, तर चारात एकदा बदाम यायला हवा. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९ आहेत, म्हणजे पाचात जेमतेम एकदा. पानं टाकायची. कॉलेज सोडण्याचा आजचा भाव मला याहून वाईट दिसतो.

ख्रिस मनीमेकरचं उदाहरण सगळे देतात. २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. पण तेव्हा तो अकाउंटंटची नोकरी करत होता. हातचं काही सोडून तो खेळायला बसला नव्हता.

माझं मत विचारशील तर डिग्री पुरी कर आणि पोकर अभ्यास म्हणून चालू ठेव. अमेरिकेतल्या एमआयटीचा पोकरवरचा अख्खा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे. पैसे न लावता खेळायला बंदी नाही. खेळलेला प्रत्येक डाव वहीत लिहून ठेव. कॉलेजच नको झालं असेल, म्हणजे हजेरी, सबमिशन, सगळ्याचाच वीट आला असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. दिवसा काम कर, रविवारी खेळ.

आणि तरीही सोडायचंच ठरलं, तर वय २१ होईपर्यंत थांब. नवीन शैक्षणिक धोरणाच्या बॅचला असशील, तर दोन वर्षं पूर्ण करून पदविका घेऊन बाहेर पडायची तरतूद आहे आणि मिळवलेली क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, ७ वर्षांपर्यंत टिकतात. ती जिथे जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या तुझ्या ऑनलाइन खात्यावर चढली आहेत का, हे दाखला काढण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून तपासून घे.