एक्स्टेन्शन ट्यूबचा संच: काच नाही, तरी काम चोख

१२, २० आणि ३६ मिमीच्या या तीन पोकळ नळ्या कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसतात. लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि अगदी जवळचं फोकस होतं. आत काचच नाही, त्यामुळे बुरशी लागण्याची भीती नाही.

लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर मोठेपणाचा (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या किती पट उमटते त्याचा) हिशेब सोपा: नळीची लांबी भागिले फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा. ५० मिमी लेन्सवर ३६ची नळी ०.७२ पट देते, तिन्ही मिळून १.३६ पट. फुलफ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) म्हणजे जेमतेम २६ मिमी रुंदीची चौकट. काडेपेटीची खरबरीत बाजू त्यात भरून उरते.

खरी मजा पानाच्या टोकाला लटकलेल्या दवाच्या थेंबात. मागे हातभर अंतरावर फूल असेल तर थेंबात ते उलटं दिसतं. बहुतेक जण थेंबाच्या कडेवर फोकस करतात आणि फूल धूसर येतं. कारण थेंब भिंगासारखा वागतो आणि फुलाची प्रतिमा त्याच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला पडते. कड स्पष्ट दिसली की कॅमेरा साधारण थेंबाच्या व्यासाइतका मागे सरकवा. फोकस रिंगला हात नको, तिने मोठेपणाही बदलतो. ऑटोफोकस बंदच ठेवा, नुसता चाचपडत राहतो. ३६च्या नळीवर एफ/११ला (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बरंच बारीक करूनही) जेमतेम दोन मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते. कड आणि फूल दोन्ही हवीत तर दोन फ्रेम काढून जोडाव्या लागतात. वारा असेल तर सरळ घरी जावं.

प्रकाश ३६च्या नळीला दीड स्टॉप खर्च होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तिन्हींना अडीच. एफ/१६च्या पुढे, आणखी बारीक छिद्राकडे, जाऊ नये, सगळंच मऊ, धूसर पडतं.

खोडही आहे. तिन्ही नळ्या जोडून जड लेन्स लावली की सांध्यात खेळ येतो आणि फ्रेम खाली झुकते. स्वस्त नळ्यांची आतली भिंत चकाकते, उजेडाकडे रोखलं की फोटो पांढुरका येतो. आत काळा मखमली कागद चिकटवला की भागतं. विद्युत संपर्क नसलेला संच मात्र घेऊच नये: आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर त्यावर बदलता येत नाही. २४ मिमीसारख्या वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सला ३६ची नळी लावण्यात अर्थ नाही, वस्तू काचेला टेकली तरी फोकस बहुधा लागत नाही.

१२ची नळी एकटी वापरून पाहा, ८५ मिमी लेन्सवर फुलपाखरांना ती पुरते.