65 की 80? लांबच्या निशाण्यासाठी स्पॉटिंग स्कोप घेताना

2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम धरायच्या रायफल प्रकारात, ब्राँझ जिंकलं. त्याचं गाव कांबळवाडी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, आमच्या शेजारचाच. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकाराचं, जगज्जेतेपद मिळवलं होतं. तेव्हा निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातल्या घरांत मुलं रायफल मागायला लागली तर त्यात नवल नाही. रायफलनंतर दुसरा खर्च येतो तो स्कोपचा, आणि तिथे आईवडील मला नेमका एक प्रश्न विचारतात: "48 पटीचा घ्यावा की 60 पटीचा?"

हा प्रश्न पटीवरून सुरू झाला की पैसे चुकीच्या जागी जातात. आधी काम काय आहे ते बघू.

नेम धरतात तो रायफलवरच्या साइटमधून, म्हणजे नेम जुळवायच्या भोकातून. स्पॉटिंग स्कोप बाजूला स्टँडवर असतो आणि त्यातून दोन गोष्टी बघायच्या असतात: गोळी कुठे लागली आणि वारा काय करतोय. मनात हिशोब असा ठेवा की 20 पटीतून 50 मीटरवरचं टार्गेट अडीच मीटरवरून बघितल्यासारखं दिसतं. .22 च्या गोळीचं भोक साधारण 5.6 मिलिमीटरचं. अडीच मीटरवरून तेवढं भोक ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत, स्कोपचा दोष नाही. म्हणजे 50 मीटरला 20 पट पुरते, 25 असली तर उत्तम.

300 मीटरवर गणित बदलतं. तिथे 7.62 मिलिमीटरची गोळी जवळपास पेन्सिलीच्या जाडीचं भोक पाडते. 60 पटीत ते पाच मीटरवरून बघितल्यासारखं, 40 पटीत साडेसात मीटरवरून, 20 पटीत पंधरा मीटरवरून. कागदावर 60 जिंकतं. पण मधली 300 मीटर हवाही तितकीच मोठी होऊन दिसते, हे डब्यावर कुणी छापत नाही.

हे मी स्वतः करून बघितलंय, आणि त्याला बंदूक लागत नाही. पांढऱ्या कार्डबोर्डवर मधे काळा कागद चिकटवला, पेन्सिलीने काळ्यात तीन आणि पांढऱ्यात तीन भोकं पाडली आणि चिकोडीच्या बाजूला एका नातेवाइकांच्या उसाच्या बांधावर ते कार्ड ठोकलं. 300 मीटर मोजून या टोकाला स्कोप लावला. मार्च महिना, सकाळी सात. 48 पटीत पांढऱ्यातली तिन्ही भोकं सुटी सुटी दिसली. काळ्यातली शोधायला वेळ लागला, पण सापडली. साडेअकराला तेच कार्ड 60 पटीत बघितलं तर चुलीवरच्या तव्यामागून बघतोय असं वाटावं. कार्डाची कडच सरळ राहीना. पट कमी करत 30 वर आलो तेव्हा पांढऱ्यातली भोकं मधूनमधून, झळ थांबली की क्षणभर, दिसायला लागली. काळ्यातली दुपारपर्यंत दिसली नाहीत. त्याच दिवशी जांबोटीच्या बाजूला, झाडीतल्या ओलसर जमिनीवर हा प्रयोग केला असता तर हवेने इतका छळ केला नसता.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हवेची ही दोन टोकं आहेत. पश्चिमेला खानापूर, कणकुंबी, तांबडी माती, रान, धुकं आणि चार महिने न थांबणारा पाऊस. पूर्वेला चिकोडी, अथणी, गोकाककडे उघडी काळी रानं, जी उन्हाळ्यात सकाळी नऊपासूनच झळा सोडतात. तुम्ही सराव कुठे करणार, किती वाजता करणार, हे स्कोपच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता 65 आणि 80. हा आकडा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. 80 च्या भिंगात 65 च्या दीडपट उजेड जातो. फायदा कुठे होतो? पट वाढवली की डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत बारीक होतो. व्यासाला पटीने भागा, झोताची जाडी मिळते. 80 च्या स्कोपात 60 पटीला ती 1.33 मिलिमीटर, 65 च्यात 48 पटीला 1.35, म्हणजे सारखीच. बाजारात 60 मिलिमीटरच्या भिंगावर 60 पट छापलेले स्वस्त स्कोप मिळतात, त्यात ती एक मिलिमीटर होते. चित्र काळवंडतं आणि डोळा केसभर हलला तरी जातं. माझा पहिला स्कोप तसलाच होता. त्यातली 35 च्या वरची पट मी कधी वापरू शकलो नाही, आणि ज्या आकड्यासाठी पैसे दिले होते तो आकडाच वाया गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. 50 आणि 100 मीटरवाल्याने 65 घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या काचेत घालावेत. 300 किंवा त्यापुढे नेमाने जाणार असाल, किंवा मुलांना शिकवताना ढगाळ सकाळी, संध्याकाळी उशिरा बघावं लागत असेल, तर 80 किंवा त्याहून मोठा घ्या. 80 चा स्वस्त आणि 65 चा चांगला एकाच किमतीत समोर असतील तर डोळे मिटून 65.

चांगली काच म्हणजे काय, हे पांढऱ्या-काळ्याच्या सीमेवर कळतं. साध्या काचेत टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला जांभळी नाहीतर हिरवी झालर दिसते आणि नेमकं त्या झालरीत पडलेलं भोक हरवतं. ईडी काचेत, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या काचेत, ही झालर बरीच कमी होते. 50 मीटर रायफलच्या टार्गेटचं काळं वर्तुळ 112.4 मिलिमीटरचं आणि दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं. चांगल्या नेमबाजाच्या सगळ्या गोळ्या काळ्यातच पडतात, जिथे भोक दिसणं सगळ्यांत अवघड. तिथे मदत काचच करते, पट नाही. आणि "एचडी" या अक्षरांना ठरलेलं माप नाही; ती बघून घेऊ नका, आत ईडी काच आहे का हे विचारा.

नावं घेऊन बोलायचं तर सेलेस्ट्रॉनचा अल्टिमा 80 हा सुरुवातीच्या खिशाचा: 20 ते 60 पट, 80 मिलिमीटर, ईडी काच नाही. क्लबला एकच स्कोप हवा असेल आणि दहा मुलं आळीपाळीने बघणार असतील तर तो चालेल. त्याच कंपनीचा रीगल एम2 ईडी काचेचा, 65 ला 16 ते 48 पट आणि 80 ला 20 ते 60. त्याला सव्वा इंची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) बसतात, म्हणजे पुढे झूम काढून एकाच पटीचा आयपीस लावता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. व्हॉर्टेक्सचा डायमंडबॅक एचडी 16-48x65 आणि 20-60x85 अशा दोन मापांत येतो. 85 वाल्यात 60 पटीला झोत 1.4 मिलिमीटरचा, म्हणजे 80 पेक्षा थोडी सवलत. वर कोवाचा टीएसएन-883 आहे, 88 मिलिमीटर, पुढे फ्लोराइटचं भिंग. तो लाखाच्या वरचा सौदा आहे. राष्ट्रीय पातळीवर 300 मीटर खेळणाऱ्याने किंवा पक्षी बघणं हाही ज्याचा तितकाच मोठा छंद आहे त्याने त्याचा विचार करावा. शाळकरी मुलासाठी नको. तेवढ्या पैशात वर्षभराच्या गोळ्या येतात आणि गुण गोळ्यांनी वाढतात. हा सगळा आयातीचा माल, त्यामुळे भाव त्या दिवशीचा विचारा, आणि बिघडला तर पुण्याला पाठवायचा की बेंगळुरूला, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

झूम की एकच पट? एका पटीचा आयपीस रुंद दिसतो, उजळ दिसतो, आणि 25 किंवा 30 पटीचा असेल तर आपल्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस तोच पुरतो. झूमचा फायदा मी वर सांगितला तो: झळा वाढल्या की मागे येता येतं. नवीन माणसाला मी झूमच घे म्हणतो, कारण त्याची पट कुठे स्थिरावेल हे त्याला अजून ठाऊक नसतं.

वाऱ्याचं एक सांगायलाच हवं. टार्गेट स्पष्ट केल्यावर फोकस थोडा अलीकडे आणला की हवेच्या झळा वाहताना दिसतात. डावीकडून उजवीकडे वाहिल्या तर वारा तिकडे. सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडलाय, किंवा नेमाच्या रेषेत आहे, किंवा दिशा बदलायच्या बेतात आहे, आणि अशा वेळी थांबलेलं बरं. त्यासाठी फोकसची चकती मऊ आणि न सरकणारी हवी. दुकानात हे बोटाने तपासा; कागदावरच्या कुठल्याच आकड्यात ते नसतं.

सरळ आयपीस की 45 अंशांत वाकलेला, यात माझ्या मनात शंका नाही. नेमबाजासाठी वाकलेला. प्रोनमध्ये झोपल्यावर सरळ स्कोपातून बघायला मान उचलावी लागते, खांदा हलतो, आणि पुन्हा रायफलशी जुळवून घ्यायला दोन श्वास जास्त जातात. वाकलेल्यात स्कोप रायफलच्या डाव्या अंगाला लावून कॉलर, म्हणजे स्कोपला धरणारी कडी, सैल करायची आणि आयपीस डाव्या डोळ्याकडे फिरवायचा. मान जवळपास तिथेच राहते. वेगवेगळ्या उंचीची मुलं एकाच स्टँडवर बघू शकतात हा क्लबचा फायदा. सरळ स्कोप मागे उभ्या राहणाऱ्या कोचला बरा, कारण टार्गेट पटकन सापडतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून जितक्या अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 15 मिलिमीटरच्या वर आहे का बघा, नाहीतर अर्धं चित्र चष्म्याच्या काचेतच अडकतं.

स्टँडवर लोक कंजूषपणा करतात आणि मग स्कोपला नावं ठेवतात. हलक्या फोटोच्या तिकाटण्यावर 40 पट ठेवून फोकसला बोट लावलं की चित्र नाचायला लागतं. प्रोनला बुटका, जड बूड असलेला स्टँड हवा. इथे बेळगावकरांना जी सोय आहे ती पुष्कळ गावांना नाही. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, लेथ आहेत. बिडाची एक जड चकती, त्यात 16 मिलिमीटरचा रॉड, वर सरकणारा क्लॅम्प, आणि स्कोपच्या पायात बसणारा पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा स्क्रू, एवढं कागदावर काढून नेलं की काम होतं. उभ्याने नेम धरण्यासाठी दुसरा लांब रॉड त्याच बुडात बसवता येतो. माझा असा स्टँड बरीच वर्षं चालतोय, आणि वाऱ्यात त्याच्याशेजारी बाहेरून आणलेला स्टँड हललेला मी पाहिलाय.

शेवटचं पावसाचं. खानापूर बाजूच्या माणसाला ही बाब पटीपेक्षा मोठी आहे. माझा एक चांगला स्कोप एका पावसाळ्यात फोमच्या पेटीत, पेटी लाकडी कपाटात, असा चार महिने राहिला. गणपतीनंतर उघडून उजेडाकडे धरला तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. बुरशी. साफ करून आणला, पण कोटिंगवर धाग्यांचे ठसे राहिले ते राहिलेच. तेव्हापासून स्कोप पेटीबाहेर, रबराच्या कडीच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतो आणि पुड्या पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर वाळवतो. फोमची पेटी ओल धरते. ती फक्त प्रवासाला. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप घेतलात तर आतली वाफ टळते, बाहेरच्या काचेवरची बुरशी नाही. कणकुंबीकडच्या माणसाने सीलबंद नसलेला स्कोप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

घ्यायची वेळ दसरा-दिवाळीच्या आसपासची धरा. हवा धुतलेली असते, पेन्सिलीचं कार्ड 50 आणि 100 मीटरवर लावून दोन स्कोप शेजारी शेजारी बघता येतात. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं बघा, आधी मध्यावर, मग कडेला. कडेची अक्षरं पुसट होत असतील तर त्याच पैशात दुसरा मागा.

गेल्या हंगामात खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने या सगळ्याचा विचार करून 65 चा, ईडी काचेचा, वाकलेल्या आयपीसचा स्कोप घेतला. ती 50 मीटर प्रोन खेळते. स्टँड उद्यमबागेतला. रेंजवर पहिल्याच दिवशी झोपून, आयपीस डाव्या डोळ्यासमोर आणून तिने कॉलर घट्ट केली आणि नेलपॉलिशने कॉलरवर एक बारीक लाल रेघ मारली, रॉडवर क्लॅम्पच्या उंचीला दुसरी. आता तिला स्कोप लावायला अर्धा मिनिट पुरतो.