दोन कॉम्प्युटर जोडायला साधी लॅन केबल: बाकीचं सगळं वापरून झाल्यावरचं मत

सरळ सांगते. एकाच खोलीतले दोन कॉम्प्युटर गेम खेळायला आणि फायली इकडून तिकडे करायला जोडायचे असतील, तर दोघांच्या मध्ये एक कॅट फाइव्ह-ई लॅन केबल लावा आणि मोकळे व्हा. राउटर नको, स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारा डबा) नको, वेगळं सॉफ्टवेअर नको. माझा डेस्कटॉप आहे, भाचा सुट्टीत त्याचा लॅपटॉप घेऊन येतो. त्याला माझ्याशी गेम खेळायचा असतो, मला त्याने शूट केलेले व्हिडिओ हवे असतात. या निमित्ताने वायफाय, यूएसबीची केबल, राउटरचे पोर्ट, छोटा स्विच असं सगळं वापरून झालंय. त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तूच सगळ्यात चांगली निघाली.

आधी एक गैरसमज. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला ‘क्रॉस केबल’ लागते, असं अजूनही बरेच जण छातीठोकपणे सांगतात. एके काळी ते खरं होतं. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जमान्यात नेटवर्क कार्ड पिन १ आणि २ वरून पाठवायचं आणि ३ आणि ६ वरून घ्यायचं. साध्या केबलने दोन कॉम्प्युटर जोडले की दोघंही वायरींच्या एकाच जोडीवर बोलणार आणि ऐकायला कोणीच नाही. म्हणून केबलच्या एका टोकाला जोड्यांची अदलाबदल करावी लागे. गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट मात्र ही अदलाबदल आपली आपण करतात, आणि दोघांपैकी एक पोर्ट जरी तसं असलं तरी काम भागतं. तेव्हा राउटरसोबत डब्यात आलेली साधी केबल चालते. दोन्ही बाजूंना फारच जुनी कार्डं असतील तरच क्रॉस केबल शोधा.

केबल घेताना कॅट सेव्हन, कॅट एट असल्या आकड्यांना भुलू नका. कॅट फाइव्ह-ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, २.५ गिगाबिटसुद्धा नेते. आपल्याला लागणार तीन मीटर. बघायचं ते एवढंच की आतली तार तांब्याची आहे ना. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल वजनाला हलकी लागते, दोन-चारदा वाकवली की आतून तुटते. आणि प्लगची क्लिप. ती एकदा मोडली की केबल पोर्टमध्ये बसलेली दिसते, पण टेबलाला धक्का लागला की गेम गेला.

मी आधी वापरत होते ती केबल एका दुकानात हाताने क्रिम्प करून, म्हणजे टोकांना प्लग दाबून बसवून घेतलेली होती. चालत होती, दिवा लागत होता, गेमही होत होता, पण फायली मुंगीच्या पावलांनी यायच्या. सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघितला तर १००/१००. प्लग उजेडात धरून पारदर्शक प्लास्टिकमधून पाहिलं: आठपैकी सात वायरी पुढे पितळी पत्रीखाली नीट गेलेल्या, आणि निळी अर्धवट अंतरावरच थांबलेली. इथे गंमत अशी आहे की गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला दोनच. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी वायर गेली तरी केबल बंद पडत नाही, गपचूप खालच्या स्पीडवर उतरते. आपण मात्र विंडोजला, हार्ड डिस्कला आणि अँटीव्हायरसला दोष देत बसतो. म्हणून केबल लावल्या लावल्या पहिलं काम लिंक स्पीड बघायचं. १०००/१००० दिसलं पाहिजे. नसेल तर केबल बदला, सेटिंग्जमध्ये डोकं घालू नका.

फरक किती पडतो? गिगाबिटवर मोठी फाइल सेकंदाला ११० ते ११३ एमबीने (मेगाबाइट; आठ बिटांचा एक बाइट) येते. ८० जीबीचा गेम साधारण बारा मिनिटांत. तीच फाइल १०० एमबीपीएसवर ११ एमबीने येते आणि दोन तास खाते. अर्थात हे एका मोठ्या फाइलचं गणित. हजारो बारीक फोटो कॉपी करायला घेतले की स्पीड पार झोपतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्यातच वेळ जातो. अशा वेळी मी आधी सगळ्यांची एक झिप करते, तीही न दाबता, नुसती ‘स्टोअर’ पर्याय ठेवून. शिवाय एका बाजूला जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिचा वेग हीच मर्यादा, केबलला बोल लावू नये.

आता सेटिंग. केबल लावून थोडा वेळ काहीच केलं नाही तरी विंडोज दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारे नेटवर्कचे पत्ते स्वतः घेतं आणि गाडी चालू होते. पण मला ते आवडत नाही, कारण पत्ता बदलू शकतो आणि गेममध्ये पत्ता टाइप करायची वेळ आली की शोधाशोध. मी डेस्कटॉपला १९२.१६८.५०.१ आणि लॅपटॉपला १९२.१६८.५०.२ देऊन ठेवलेत, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएसचे रकाने रिकामे. ते रिकामेच ठेवायचे, म्हणजे इंटरनेट वायफायवरून चालू राहतं आणि दोघांमधली वाहतूक केबलवरून जाते. बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात, म्हणून मधला आकडा मुद्दाम ५०.

खरा वैताग फायरवॉलचा, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याचा. विंडोजला या केबलच्या पलीकडे राउटर दिसत नाही, मग ते या जोडणीला ‘अनोळखी नेटवर्क’ ठरवून पब्लिक (परक्या नेटवर्कच्या) गटात टाकतं आणि सगळी दारं लावून घेतं. पिंगसुद्धा (समोरचा आहे का हे बघायची साधी हाक) जात नाही. इथे नव्वद टक्के लोक फायरवॉलच बंद करून टाकतात. करू नका, भाच्याचा लॅपटॉप उद्या कॉलेजच्या वायफायवर जाणार असतो. जोडणी प्रायव्हेट करा. सेटिंग्जमध्ये तो पर्याय दिसला तर उत्तम, नाहीतर पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून तिथून करता येतं.

फोल्डर शेअर करताना दुसरा अडथळा पासवर्डचा. विंडोज उघडायला आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर नेटवर्कवरून आत घेतच नाहीत. जुन्या लेखांमध्ये होमग्रुप (घरातल्या शेअरिंगची विंडोजची जुनी सोय) वापरा असं लिहिलेलं सापडेल, ते विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकलंय. एसएमबीची (विंडोजची फायली शेअर करायची पद्धत) जुनी पहिली आवृत्ती सुरू करा असा सल्ला मिळाला तर तोही ऐकू नका, ती असुरक्षित आहे म्हणूनच बंद केलेली आहे. मी दोन्हीकडे शेअरिंगसाठी एक वेगळं साधं खातं बनवलंय, त्याला पासवर्ड दिलाय, आणि एकच फोल्डर उघडा ठेवलाय. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे समोरच्याचा पत्ता टाकला की झालं. ‘नेटवर्क’ मध्ये समोरचा कॉम्प्युटर दिसण्याची वाट बघत बसायचं नाही, तो त्याच्या मर्जीने दिसतो.

पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नसतं, भाच्याच्याही नाही. मग यूएसबीला लावायचा गिगाबिट ॲडॅप्टर घ्यावा लागतो. पैसे घालायचेच तर इथे घाला. फक्त तो यूएसबी ३ चा हवा आणि लावायचाही ३ च्या पोर्टात. यूएसबी २ ची मर्यादाच ४८० एमबीपीएस, म्हणजे गिगाबिट अर्ध्यावरच अडकलं. आतली चिप रिअलटेक किंवा एसिक्सची असेल तर ड्रायव्हरची कटकट सहसा होत नाही. माझा ॲडॅप्टर तासाभराने हाताला कोमट लागतो, पण अजून कधी मधेच सुटलेला नाही.

ज्या वस्तूवर पैसे वाया गेले ती म्हणजे मधे चिपचा गठ्ठा असलेली, दोन्ही टोकांना यूएसबी असलेली ‘डेटा ट्रान्सफर’ केबल. लावली की तिच्यातच भरलेलं एक प्रोग्रॅम उघडतं, डावीकडे माझ्या फायली, उजवीकडे त्याच्या. दिसायला छान. पण यूएसबी २ ची, सेकंदाला वीसेक एमबी. फोल्डर मोठा असला की मधेच रुसते. आणि माझ्या केबलपुरतं बोलायचं तर विंडोजला ती नेटवर्क म्हणून दिसतच नाही, म्हणजे गेमला तिचा शून्य उपयोग. बनवणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, प्रोग्रॅम पुन्हा टाकून बघा. एक इशारा मात्र गंभीरपणे: मधे चिप नसलेली, नुसती दोन्हीकडे तेच चपटं टाइप-ए टोक असलेली यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये कधीही लावू नका. दोन्ही बाजू ५ व्होल्ट पुरवतात, पोर्ट जळू शकतं.

वायफाय फुकट आहे म्हणून पहिल्यांदा सगळे तेच करतात. फायलींना चालून जातं. पण दोघंही एकाच राउटरवर असले की प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं, आधी राउटरकडे, मग समोरच्याकडे, आणि दोघंही तीच हवा वाटून घेतात. गेममध्ये सरासरी पिंग (निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) वाईट नसतं, वाईट असतात ते मधले झटके. काउंटर-स्ट्राइकमध्ये मी दाराआडून बाहेर येते, भाच्याच्या स्क्रीनवर मी अजून दाराआडच असते, आणि मग “मावशी, तू चीटिंग करतेस” वर भांडण. केबलवर पिंग एक मिलिसेकंदाच्या आत राहतं. भांडणं तरी होतातच, पण कारण वेगळं असतं. विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट राउटरशिवाय वापरावा म्हटलं, तर शेअर करायला दुसरी जोडणी नसेल तेव्हा तो सुरू व्हायलाच नकार देतो.

केबल जोडूनही गेममध्ये समोरचा दिसत नसेल, तर बहुतेक वेळा गेम वायफायवर किंवा एखाद्या व्हीपीएनच्या नकली ॲडॅप्टरवर शोधत असतो. नको ते ॲडॅप्टर तेवढ्यापुरते बंद करा. माइनक्राफ्टसारख्यात थेट पत्ता टाकता येतो, तो प्रश्नच मिटतो. खूप जुने गेम आयपीएक्स नावाची जुनी नेटवर्क पद्धत मागतात, ती विंडोज व्हिस्टापासूनच निघालीय, त्यामुळे तिथे टीसीपी-आयपीचा पर्याय निवडा. आणि स्टीमवर गेम असेल तर फोल्डर कॉपी करायचीही गरज नाही. २०२३ पासून एका कॉम्प्युटरवर असलेला गेम दुसरा थेट लोकल नेटवर्कवरून घेतो, फक्त सेटिंग चालू असायला हवं.

राहिला स्विच. दोघांनाच जोडायचं असेल तर तो घेण्यात अर्थ नाही. राउटरच्या मागे रिकामे पोर्ट असतील तर तेही चालतात, पण स्वस्त राउटरचे पोर्ट अनेकदा १०० एमबीपीएसचेच असतात, डब्यावर वायफायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. तिसरा कॉम्प्युटर आला, किंवा राउटर असा रडका निघाला, की पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्यावा. त्याला ना सेटिंग, ना पासवर्ड, ना पंखा. माझा सध्या कपाटात पडून आहे, पण भाच्याची बहीणही आता लॅपटॉप घेऊन येईन म्हणतेय, तेव्हा बाहेर काढावा लागेल.