कविता घरून आणायची की वर्गात लिहायची?

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की नागपुरातल्या आमच्या शाळेत हा वाद ठरलेला.

घरून मागवल्या तर कागदांचा ढीग येतो आणि निम्म्यांतून आई, शिकवणीच्या बाई नाहीतर मोबाइल डोकावतो. सहावीतलं पोरगं ‘जीवनाच्या सायंकाळी’ लिहितं तेव्हा काय समजायचं ते समजावं! पण खाडाखोडीला वेळ मिळतो तो इथेच. वृत्तात लिहायचं तर मात्रा मोजाव्या लागतात, गझलेत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकामागून तसाच पुन्हा येणारा शब्द) सांभाळावे लागतात. गझलकार सुरेश भटांच्या शहरात हे तासाभरात उरका म्हणणं अन्यायच.

वर्गात लिहिलेल्या ओळी कच्च्या असतात, पण स्वतःच्या. ‘ऊन’ विषय द्या. कूलरच्या ओल्या गवताचा वास, डोक्याला बांधलेला दुपट्टा, फुटाळा तलावावरची संध्याकाळ, सगळं कागदावर उतरतं. यमकं ओढूनताणून जुळवलेली. शुद्धलेखनाचं तर विचारूच नका.

पाचवी ते सातवीला मी बिनदिक्कत वर्गातच लिहायला बसवेन. नववी-दहावीला घरून आणू द्यावी, फक्त पहिला कच्चा खर्डाही सोबत जोडायला लावावा.