जिनिव्हातलं समर स्कूल: पैसे भरण्याआधी हे वाचा

उन्हाळ्यात परदेशी जाऊन आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा शिकायचं मनात असेल, तर हे सविस्तर वाचा. जिनिव्हात दोन आठवड्यांचं समर स्कूल भरवणाऱ्या एका संस्थेने आमच्या अख्ख्या तुकडीला फसवलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि अशी मंडळी पुढच्या वर्षी नवीन नावाची पाटी लावून पुन्हा दुकान मांडतात. त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

आधी एक स्पष्ट करते. पैसे घेऊन कुणी पळून गेलं नाही. कोर्स झाला, वेळापत्रक होतं, गळ्यात घालायचे बॅज होते, शेवटी सर्टिफिकेटही हातात पडलं. म्हणून तर हे प्रकरण सिद्ध करायला इतकं अवघड जातंय. पोलिसांना आणि बँकेला पळून गेलेला माणूस लगेच समजतो. "कोर्स झाला, पण सांगितला होता तो नाही" हे समजावताना दमछाक होते.

माहितीपत्रकातलं प्रत्येक आश्वासन कुठल्या ना कुठल्या खऱ्या, मोठ्या संस्थेच्या नावाला टांगलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या सत्राला उपस्थिती. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात सुनावणी. युरोपीय पद्धतीचे ६ क्रेडिट. नामांकित प्राध्यापकांची यादी, फोटोंसकट. परिषद खरी, न्यायालय खरं, प्राध्यापकही खरे. आमच्या आयोजकांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि ते कळायला जिनिव्हा गाठावं लागलं.

सगळ्यात सोपा पुरावा कॅलेंडरमध्ये होता. मानवी हक्क परिषद २००६ साली स्थापन झाली, तिच्यावर ४७ देश निवडून येतात, आणि तिची नियमित सत्रं वर्षातून तीनदा भरतात: पहिलं फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, दुसरं जून-जुलैत, तिसरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आमचा कोर्स ऑगस्टमध्ये होता. ऑगस्टमध्ये परिषदेचं नियमित सत्र नसतंच. स्ट्रासबर्गचं न्यायालयही त्या काळात उन्हाळी सुट्टीवर असतं, सुनावण्या ठेवत नाही. तारखा दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर उघड्या असतात, कुणीही बघू शकतं.

मग "सत्राला उपस्थिती" म्हणजे काय निघालं? एका सकाळी आम्हाला पॅले दे नासिओंच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मुख्य इमारतीच्या, प्रेनी दरवाज्याशी नेलं. पासपोर्ट तपासले, सुरक्षा तपासणी झाली, आणि एक गाइड आम्हाला घेऊन निघाली. ती पर्यटकांसाठीची रोजची सहल होती. तिकीट काढून कुणालाही जाता येतं. परिषद जिथे भरते त्या विसाव्या क्रमांकाच्या सभागृहात आम्ही पोचलो. मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने २००८ मध्ये रंगवलेलं त्याचं छत प्रसिद्ध आहे, गुहेत लोंबणाऱ्या खडकांसारखं, वेगवेगळ्या रंगांत. खाली ओळीने खुर्च्या, टेबलांवर बंद माइक, आणि सभागृहात आमच्याशिवाय चिटपाखरूही नाही. आम्ही छताचे फोटो काढले. आमच्या समन्वयकाने आमचे काढले. तेच फोटो नंतर पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत दिसले, "आमचे विद्यार्थी मानवी हक्क परिषदेत" अशा मथळ्याखाली. फोटो पाहणाऱ्याला खुर्च्या रिकाम्या दिसत नाहीत, कारण फोटो त्या बेताने कापलेला आहे.

मला सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टीचा आला, ती मात्र वेगळीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीचं सत्र बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये जिनिव्हातच असतं, आणि आम्ही तिथे असताना ते चालू होतं. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारावर देखरेख ठेवणारी ही १८ तज्ज्ञांची समिती. एखाद्या देशाचं शिष्टमंडळ समोर बसतं, तज्ज्ञ अहवालातल्या त्रुटींवर बोट ठेवून प्रश्न विचारतात, शिष्टमंडळ उत्तरं देतं किंवा टाळतं. मानवी हक्क कायदा प्रत्यक्ष कसा चालतो ते शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. त्या बैठका जाहीर असतात. फक्त आगाऊ नाव नोंदवून प्रवेशपत्र घ्यावं लागतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आयोजकांनी एकाचंही नाव नोंदवलं नव्हतं. आमच्यातली एक मुलगी वंशभेदाच्या विषयावरच प्रबंध लिहीत होती. तिने ती बैठक हॉस्टेलच्या जेवणघरात बसून फोनवर पाहिली, संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर, जी ती घरी बसूनही फुकट पाहू शकली असती. बैठक होती तिथून ती ट्रामने काही मिनिटांच्या अंतरावर होती.

वाहतुकीचंही तसंच. "शहरांतर्गत वाहतूक मोफत" ही फीमध्ये धरलेली एक सोय होती. जिनिव्हात हॉटेलात किंवा युथ हॉस्टेलमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मुक्कामापुरता ट्राम-बसचा पास शहराकडूनच फुकट मिळतो. आमच्याकडून त्याचेही पैसे घेतले.

शिकवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हॉटेलची बैठकीची खोली, एक प्रोजेक्टर. यादीतले मोठे प्राध्यापक एकही आले नाहीत, "ऐनवेळी अडचण" एवढंच ऐकायला मिळालं. जे शिकवायला आले त्यातल्या एकाने पूर्ण सकाळ मानवी हक्क समितीची (ही तज्ज्ञांची समिती, वरच्या परिषदेहून वेगळी) ३४ वी सर्वसाधारण टिप्पणी पडद्यावर लावून परिच्छेदामागून परिच्छेद वाचून दाखवली. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरची २०११ ची ही टिप्पणी महत्त्वाचीच आहे, पण ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येते. परत आल्यावर यादीतल्या एका प्राध्यापकांना मी त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खूप आधी कुणीतरी व्याख्यानाबद्दल विचारलं होतं, "बघू" असं ते म्हणाले होते, पुढे काहीच झालं नाही, आणि आपलं नाव व फोटो वापरला जातोय हे त्यांना माझ्याकडूनच कळलं.

क्रेडिटचं मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक विद्यार्थी त्यासाठीच जातात. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात वर्गही आला आणि घरचा अभ्यासही. ६ क्रेडिट म्हणजे १५० ते १८० तास. दोन आठवड्यांत कामाचे दिवस १०. म्हणजे रोज १५ ते १८ तास अभ्यास! हा हिशोब कागदावरच बसत नाही. आणि मुळात क्रेडिट देऊ शकते ती पदवी देण्याचा अधिकार असलेली मान्यताप्राप्त संस्था. तिच्या नावाने, तिच्या शिक्क्यानिशी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, यावं लागतं. आमच्या हातात आलेल्या कागदावर "६ क्रेडिटच्या समतुल्य" असं छापलेलं होतं. समतुल्य कुणी ठरवलं, याचं उत्तर आयोजकांनी आजवर दिलेलं नाही. आमच्यातल्या ज्यांनी ज्यांनी तो कागद आपापल्या विद्यापीठात दिला, त्यांचा तो परत आला.

त्या सर्टिफिकेटच्या डोक्यावर संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह होतं, ऑलिव्हच्या दोन फांद्या आणि मध्ये जगाचा नकाशा. महासभेच्या १९४६ च्या ९२(१) क्रमांकाच्या ठरावानुसार हे चिन्ह महासचिवांच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या संरक्षणासाठी १९६१ पासून वेगळा कायदा आहे. खासगी संस्थेच्या पत्रकावर हे चिन्ह ठळकपणे दिसलं, तर ते भरवशाचं नव्हे, संशयाचं कारण समजा.

"जिनिव्हात नोंदणीकृत आंतरराष्ट्रीय संस्था" या शब्दांनाही भुलू नका. स्विस नागरी संहितेच्या ६० व्या कलमाखाली बिगरव्यापारी हेतूची संघटना स्थापन करायला लेखी नियमावली पुरते, कुठल्या सरकारी परवान्याची गरज पडत नाही. हजारो चांगल्या संघटना याच कलमाखाली उभ्या आहेत. पण त्या एका ओळीवरून शिक्षणाचा दर्जा कळत नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, हे स्विसयुनिव्हर्सिटीज या तिथल्या उच्चशिक्षण संस्थांच्या संघटनेच्या यादीत पाहता येतं. आमची संस्था त्यात नव्हती, आणि "आम्ही विद्यापीठ आहोत" असं तिने कुठे लिहिलंही नव्हतं. वाचणाऱ्याचा तसा समज होईल इतकंच लिहिलं होतं.

पैशांची बाजू सर्वांत पक्की बांधलेली होती. कार्डाने भरलं तर जास्त, बँकेतून थेट पाठवलं तर सवलत. सवलतीची शेवटची तारीख "आज रात्री", आणि ती दर आठवड्याला पुढे सरकायची. दिलेला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, "एलटी" या अक्षरांनी सुरू होत होता. आयबॅनची पहिली दोन अक्षरं खातं कुठल्या देशातलं ते सांगतात. स्वित्झर्लंडची "सीएच", "एलटी" म्हणजे लिथुआनिया. स्वित्झर्लंडमधली शाळा, खातं भलत्याच देशात, आणि खातेदाराचं नाव संस्थेच्या नावाशी जुळणारं नाही. विचारल्यावर "आमचे पेमेंट पार्टनर" असं उत्तर आलं.

आणि खरी मेख परताव्याच्या अटीत होती. "व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र दिल्यानंतर फी परत मिळणार नाही." वाचायला रास्त वाटतं. पण पैसे पोचले की त्याच संध्याकाळी निमंत्रणपत्र ईमेलने यायचं, मागितलं असो वा नसो. व्हिसाची गरजच नसलेल्या मुलांनासुद्धा ते आलं. म्हणजे परताव्याची मुदत काही तासांतच संपायची. माझ्या ओळखीतल्या एकाला शेंगेन व्हिसा नाकारला गेला, त्यालाही याच अटीवर बोट ठेवून एक पैसा परत दिला नाही.

खऱ्या उन्हाळी अभ्यासक्रमांची ही तऱ्हा नसते. स्ट्रासबर्गमध्ये रने कासँ यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संस्था आहे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेले आणि १९६८ चं शांततेचं नोबेल मिळालेले हेच ते कासँ. या संस्थेचं उन्हाळी सत्र वर्षानुवर्षं भरत आलेलं आहे. नेदरलँड्समधल्या द हेगच्या पीस पॅलेसमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीचे उन्हाळी वर्ग १९२३ पासून आहेत. तिथे नुसते वर्ग केलेत तर हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. डिप्लोमासाठी वेगळी परीक्षा असते, आणि ती इतकी अवघड की दरवर्षी मोजकेच जण ती पार करतात. शिवाय शिष्यवृत्त्याही असतात. या संस्था काय देतो हे सांगतात आणि काय देत नाही हेही सांगतात. आमच्या माहितीपत्रकात "मिळणार नाही" असं एकही वाक्य नव्हतं.

आता आमचं काय झालं ते. ज्यांनी कार्डाने पैसे भरले होते, त्यांनी आपल्या बँकेत "सांगितलेली सेवा मिळाली नाही" म्हणून चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मिळवण्याचा, अर्ज केला. माहितीपत्रक आणि परिषदेचं अधिकृत वेळापत्रक शेजारी शेजारी जोडलं. त्यातल्या काहींना पैसे परत मिळाले. आम्ही बँकेतून थेट पाठवणाऱ्यांनी पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बँकांना लिहिलं, पोलिसांत तक्रार दिली, बोधचिन्हाच्या गैरवापराबद्दल संयुक्त राष्ट्रांनाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. आयोजक आता ईमेलला उत्तर देत नाहीत.

असल्या कुठल्या कोर्सची फी तुम्ही आधीच भरली असेल, तर थांबू नका. कार्डाच्या तक्रारीला मुदत असते, बऱ्याचदा १२० दिवसांची, आणि ती नेमकी कुठल्या तारखेपासून मोजतात ते बँकेकडून लेखी घ्या. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट आजच काढून ठेवा. आमच्या संस्थेने पहिली तक्रार गेल्यावर "परिषदेचं सत्र" हे शब्द बदलून "परिषदेच्या सभागृहाला भेट" असं केलं. यादीतल्या दोन-तीन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचारा, आयोजकांनी दिलेल्या पत्त्यावर नको. आणि त्या निमंत्रणपत्रावर व्हिसाचा अर्ज केलेला असून मुलाखत अजून व्हायची असेल, तर दूतावासाला खरी परिस्थिती तुम्ही स्वतःहून लेखी कळवा. पुढच्या अर्जाच्या वेळी ते पत्र तुमच्याच फाइलमध्ये असणार आहे.