पथकासाठी तीन जणांचा डोम तंबू: घ्यावा, पण खुंट्या बदलून

दोन फायबरग्लास दांड्यांचा, ‘तीन जणांचा’ म्हणून विकला जाणारा डोम तंबू स्काऊट पथकाने घेण्याजोगा आहे. फक्त त्याच्यासोबतच्या खुंट्या आणि पिशवी खरेदीच्याच दिवशी बाजूला काढा. हा तंबू वर्षातून दोन-तीनदा सहलीला जाणाऱ्या कुटुंबासाठी बनवलेला असतो. पथकात तो दर शिबिराला नव्या हातांत पडतो, आणि त्याचं बहुतेक नुकसान त्यातूनच होतं.

आधी जागेचा हिशेब. तळ साधारण दोन मीटर लांब-रुंद, म्हणजे माणशी जेमतेम 65 सेंमी, तेही सॅक बाहेर ठेवून. आठ जणांच्या पॅट्रोलला, म्हणजे पथकातल्या छोट्या तुकडीला, तीन तंबू धरा.

वरच्या कव्हरवर 2000 मिमी (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं, त्याचं माप) लिहिलेलं असलं की नाशिक शहरातल्या पावसाला कापड पुरतं. त्र्यंबक-इगतपुरीकडचा जुलैचा पाऊस वेगळा; तिथे कापड टिकतं, शिवण गळते. म्हणून दुकानातच कव्हर उलटं करून शिवणीवरची पट्टी सलग चिकटलेली आहे ना, ते बोट फिरवून बघा. डिसेंबर-जानेवारीत गंगापूर धरणाच्या काठाला सकाळी आतून थेंब दिसले की मुलं ‘तंबू गळतो’ म्हणतात. ते बहुतेक वेळा त्यांच्याच श्वासाचं पाणी असतं. झरोके उघडे ठेवा आणि कव्हर आतल्या कापडाला टेकणार नाही इतकं ताणा. खाली ताडपत्री घालायची तर ती तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंमी लहान हवी. बाहेर डोकावणारी ताडपत्री पावसाचं पाणी गोळा करून थेट अंथरुणाखाली नेते.

आता खुंट्या. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूला वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. सोबत मिळणाऱ्या तारेसारख्या खुंट्या तिथे पहिल्याच घावाला वाकतात. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 मिमी सळईचे 30 सेंमीचे तुकडे करून घ्या, एक टोक घासून अणकुचीदार, दुसरं आकड्यासारखं वळवलेलं. दहा खुंट्या सव्वा किलोच्या आसपास भरतात, तेव्हा त्यांची पिशवी वेगळी ठेवा. तंबूत गुंडाळल्या तर कापडाला भोकं पडतात. निव्वळ कातळावर ठोकाठोकी करू नका, ताणदोरी मोठ्या दगडाला बांधा.

दांड्या मोडतात त्या जोडावर. तुकडा पूर्ण आत बसण्याआधीच पोरं दांडी वाकवतात आणि तोंडाशी फायबर चिरतं. दांडी कापडाच्या नळीतून नेहमी ढकलायची, ओढायची नाही. ओढली की तुकडे आतल्या आत सुटतात. घडी मधल्या जोडापासून घालत दोन्ही टोकांकडे जा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर ताण सारखा येतो. मोडलेल्या जागी सरकवायला, दांडी जेमतेम आत जाईल अशी दहा-बारा सेंमीची धातूची नळी आणि चिकटपट्टी प्रत्येक पॅट्रोलपेटीत हवीच.

चेन अडखळली तर तेल घालू नका, धूळ धरते. आधी ब्रशने माती झाडा, मग मेणबत्ती घासा. दाते मागून उघडत असतील तर रनर झिजलेला असतो. पक्कडने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा. नाही जमलं तर बॅग दुरुस्त करणारा रनर बदलून देतो.

पिशवीबद्दल काय सांगावं! त्या पिशवीत तंबू एकदाच नीट मावतो, कारखान्यात. दीडपट मोठी सुती पिशवी शिवून घ्या. कव्हर, आतला तंबू, दांड्या, खुंट्यांची पिशवी या सगळ्यांवर एकच क्रमांक घाला, कारण वेगवेगळ्या लॉटच्या दांड्यांची लांबी सारखी निघेलच असं नाही. क्रमांक, दांड्या, खुंट्या, ताणदोऱ्या यांची यादी जाड कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पिशवीला बांधा. तंबू परत घेताना मात्र पिशवीवर विश्वास ठेवू नका. शाळेच्या मैदानावर उभा करायला लावा, पॅट्रोल लीडरच्या देखत मोजा, काय तुटलं ते वहीत लिहा आणि मगच सही घ्या.

ओला तंबू दोन दिवसांत उघडून वाळवलाच पाहिजे. दमट राहिला की कापडाच्या आतल्या बाजूचा, पाणी अडवणारा लेप चिकट होतो, कुबट वास येतो, पुढे पापुद्रे सुटतात. त्यावर खात्रीचा उपाय नाही. वाळवायचा सावलीत, कारण कडक ऊन कापड कमजोर करतं. धुवायला साधं पाणी आणि स्पंज. वॉशिंग मशीन, डिटर्जंट नको. मांडणीवर, जमिनीपासून वर ठेवा, आणि आत बिस्किटाचा चुरा राहिलेला नाही ना ते बघा, नाहीतर उंदीर कापड कुरतडून आत शिरतात.

जुने कॅनव्हासचे तंबू झीज जास्त सोसतात, पण जड. एसटीने जाणाऱ्या पथकाच्या कामाचे नाहीत. आणि पथकाकडे कोरडी खोली किंवा वाळवायला छपराखालची जागाच नसेल, तर हा डोमही विकत घेऊ नका, शिबिरापुरता भाड्याने आणा.