बोलणारा डबा आणि मुका हिशेब : सात महिन्यांच्या वापरानंतर

कराडजवळच्या एका बाजारपेठेच्या गावात आमचे किराणा व जनरल मालाचे दुकान आहे. सकाळी दुधाचे क्रेट उतरवून घेण्यापासून रात्री साडेनऊला शटर ओढेपर्यंत मी किंवा माझे वडील गल्ल्यावर असतो. गेले सात महिने आम्ही एका कंपनीचा साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयने पैसे जमा झाले की रक्कम बोलून सांगणारा डबा, आणि त्याच कंपनीचे व्यापाऱ्यांसाठीचे ॲप वापरत आहोत. डबा बनवणाऱ्याने कुठल्यातरी दुकानात चार दिवस उभे राहून पाहिले असावे आणि ॲप बनवणारा दुकानात फक्त गिऱ्हाईक म्हणून गेला असावा, असे माझे मत झाले आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण शेजारच्या औषध दुकानात दुसऱ्या कंपनीचा डबा आहे आणि त्यांचे रडगाणेही हेच आहे.

यापूर्वी आमच्याकडे नुसता क्यूआर कोडचा स्टिकर होता. त्याआधी तर बरणीच्या काचेवर तीन वेगवेगळे स्टिकर होते. कोणताही कोड कोणत्याही ॲपने वाचता यावा यासाठी रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना ३१ मार्च २०२२ ची मुदत घालून दिली होती, त्यामुळे आता एक स्टिकर पुरतो. पण पैसे आले की नाहीत, हा प्रश्न स्टिकरने सुटत नव्हता. संध्याकाळी सातला समोर सहा गिऱ्हाइके, एका हातात माप आणि दुसरा हात गोडेतेलाने माखलेला, अशा वेळी खिशातून फोन काढून बँकेचा मेसेज कोण वाचणार? गिऱ्हाईक लांबूनच मोबाइल दाखवून "झालं बघा" म्हणते, आपण मान डोलावतो आणि रात्री हिशेबाला बसल्यावर दोन रकमा आलेल्याच नसतात. त्यातला एखादा लबाड असतो, एखाद्याचा व्यवहार खरोखरच अडकलेला असतो. पण तेवढ्यावरून सगळ्यांकडे संशयाने बघण्याची सवय लागते आणि गावात धंदा करणाऱ्याला ती परवडत नाही.

डबा आल्यावर हा त्रास जवळजवळ संपला. गिऱ्हाइकाच्या बँकेतून निघालेली रक्कम यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून जमा झाली की निरोप कंपनीकडे येतो आणि तिथून डब्यातल्या सिमकार्डावर पोचतो. त्याचा माझ्या फोनशी संबंध नसल्यामुळे मी माल भरायला कराडला गेलो तरी दुकानात अडत नाही. एरवी दोन-तीन सेकंदांत आवाज येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र नेटवर्क तुंबले की अर्धा मिनिट जातो, आणि रांगेतल्या माणसाला तो अर्धा मिनिट फार मोठा वाटतो. वीज गेली तरी बॅटरी तीन दिवस टिकते, हे पावसाळ्यात पाहून झाले आहे.

सर्वांत मोठा फरक वडिलांच्या बाबतीत पडला. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि स्मार्टफोन त्यांना नको असतो, त्यामुळे पूर्वी दुपारी ते एकटे बसले की यूपीआयवाल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे मला जेवणावरून उठावे लागे. आता ते निवांत बसतात. एकदा ऊसतोडीच्या एका मजुराने ८५ रुपयांच्या सामानाचे ८५० पाठवले. डबा "आठशे पन्नास" म्हणाला (आमच्याकडे साडेआठशे म्हणतात, पण ते असो), तसे वडिलांनी त्याला पायरीवरच थांबवून ७६५ रुपये रोख परत दिले. मागची रक्कम पुन्हा ऐकवणारे बटण आहे, हेसुद्धा त्यांनीच शोधून काढले. सकाळच्या पहिल्या भवानीची नोट ते कपाळाला लावत असत; हल्ली पहिली रक्कम डब्यातून आली तर डब्याला हात लावून तो कपाळाला लावतात.

दोष एकच, पण बारीक नाही. डबा रक्कम सगळ्या दुकानाला ऐकवतो. ओळखीच्या एक बाई दोन महिन्यांची थकलेली उधारी भरायला आल्या आणि "दोन हजार तीनशे" हे चार शेजाऱ्यांसमोर घुमले, ते त्यांना आवडले नाही. त्यानंतर त्या रोखच देतात. आवाज कमी करता येतो, पण मग वडिलांना ऐकू येत नाही.

ॲपबद्दल तितके चांगले लिहिता येत नाही. उघडल्याबरोबर व्यापारी कर्ज, त्याखाली विमा, त्याखाली सोने. मला रोज रात्री एकच आकडा हवा असतो, आजची एकूण जमा; तो तिसऱ्या पानावर आहे. कर्जाचा एवढा आग्रह का, हे कळते. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे कंपनीला मुख्यतः डब्याच्या भाड्यातून आणि कर्जासारख्या गोष्टींवरच्या कमाईतून भागवावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशेब पुढे आणि जाहिरात मागे ठेवली असती तर मी ॲप दिवसातून चारदा उघडले असते आणि जाहिरातही चारदा पाहिली असती.

दिवसभराची रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी एकगठ्ठा बँकेत जमा होते. एका महिन्यात रोजमेळात १७,४६० आणि पासबुकात १७,३३५ आले. तो १२५ रुपयांचा फरक शोधण्यात माझा तास गेला. शेवटी कळले की डब्याचे भाडे त्या जमेतूनच कापले होते आणि त्याची नोंद ॲपमध्ये वेगळ्याच ठिकाणी होती. दुसरी अडचण नावांची. उधारी भरतो गिरणीवाल्यांचा धाकटा, पैसे येतात त्याच्या बायकोच्या खात्यातून आणि ॲपमध्ये दिसते तिचे माहेरचे नाव. त्या नोंदीसमोर "गिरणी, मागची बाकी" एवढे तीन शब्द लिहायला जागा असती तर माझी उधारीची वही निम्मी झाली असती.

हे मी कंपनीच्या प्रतिनिधीला दोनदा सांगितले आणि एकदा ॲपमधून लेखी कळवले. चौथ्या दिवशी "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा मेसेज आला आणि त्याच दिवशी दोन लाखांचे कर्ज मंजूर असल्याचाही. डब्याचे भाडे मी चालूच ठेवले आहे. उधारीची नवी वही परवाच आणली.